घर सोडायची तारीख

पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना विनीताचा नमस्कार.

कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते काढून ठेवलंत, असं शेजारच्या फ्लाव्हियाकाकूंनी कळवलं. म्हणजे फोन बंद आणि पुन्हा पत्र सुरू. माझी तक्रार नाही. ऑफिसात दिवसभर मी जे लिहिते ते कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. तुम्ही निदान ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला तरी वाचता.

मुद्द्याचं लिहिते. पंचवीस डिसेंबर गुरुवारी येतो. शुक्रवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत सलग सुट्टी. आमच्या ग्रुपमध्ये तीन कुटुंबं आहेत आणि असे लॉन्ग वीकेंड हुडकायचं खातं माझ्याकडे आहे. नवं कॅलेंडर आलं की कुठला सण कुठल्या वारी येतो तेच मी आधी बघते. या वर्षी भंडारदरा झालं, दिवेआगर झालं, कासच्या पठारावर फुलांपेक्षा गाड्या जास्त बघून झालं. आता शर्मिला विचारते, तुझं सासर समुद्रावर असताना आपण दुसरीकडे कशाला जातो? तर गुरुवारी पहाटे निघून फोंडा घाटाने उतरायचं, शुक्रवारी किल्ला, शनिवारी तारकर्ली आणि रविवारी जेवून परत. पाहुण्यांसाठीच्या तुमच्या दोन्ही खोल्या आमच्यासाठी राखून ठेवाल का?

दुसरं, तेच जुनं. जूनमध्ये तुम्ही अंगणात शेवाळावरून घसरलात तेव्हापासून बोटीवरून अजयचा प्रत्येक मेसेज तुमच्याबद्दल असतो. त्याला महिनोन्‌महिने उतरता येत नाही, मला रोज तुमच्याकडे येता येत नाही, आणि तुम्हाला हाक ऐकू येत नाही. अशाने कसं चालेल? तुम्ही आता कायमच्या पुण्याला यावं असं आम्हा दोघांना वाटतं. रियालाही वाटतं. रविवारी गाडीतून तुम्हाला घेऊनच येऊ. तुम्ही घर सोडायला तयार आहात का, एवढंच कळवा. आडवळणाने नको, सरळ लिहा.

तुमची
विनीता


खारवणे, ता. मालवण
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विनीतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'तक्रार' बरोबर लिहिलंस, 'कुटुंबं' बरोबर लिहिलंस. मास्तरीण खूश आहे.

तुमच्या या लॉन्ग वीकेंडचं मला कौतुक वाटतं. आमच्या वेळी सुट्टी लागायची आणि मग माणूस कुठे जायचं ते बघायचा. तुम्ही आधी निघता आणि मग सुट्टी कुठे सापडते ते बघता. कासला जाऊन गाड्या बघायच्या तर पुण्यात काय कमी होत्या?

यायचं मात्र नक्की करा. घर सोडायला तयार आहे का म्हणून विचारतेस ना? मग योग अगदी जुळून आला. पंचवीसला सकाळी घर सोडायचं ठरलेलंच आहे. परवा देवाचा कौल झाला, तेव्हा आता माझी मर्जी विचारायचं कारण उरलं नाही. यंदाचं पळण बऱ्याच वर्षांनी आलंय, त्यामुळे मी आतापासूनच आवराआवरीला लागले आहे. तांदूळ, भांडी, अंथरुणं बांधायला घेतली. कोंबड्या न्यायच्या तर टोपल्या हव्यात, त्या वेंगुर्ल्याच्या बाजारातून आणायला वाडीतल्या लवूला सांगितलं आहे. खोल्यांचं म्हणशील तर त्या दिवसांत घरात कुणी झोपायचं नाही. तुमच्यासाठी लवूकडून एक मोठी खोपी बांधून घेते. खाली गवत, वर माडाची झापं आणि समोर खाडी. तुझ्या मैत्रिणींना चालेल का विचार. संडासाची सोय मी करीन, भिऊ नका.

रियाला पापा. अजयला म्हणावं, माझी काळजी बोटीवर बसून करू नको, बोट नीट चालव.

तुझी
आई


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. आई,

तुमचं पत्र ऑफिसातून आल्या आल्या दारातच वाचलं आणि चप्पल न काढता तिथेच बसले. तुम्ही हो म्हणाल असं मला खरंच वाटलं नव्हतं. मी वाद घालायच्या तयारीत होते. डॉक्टरचं काय सांगायचं, अजयचं काय सांगायचं, सगळं मनात मांडून ठेवलं होतं. आणि तुम्ही आवराआवरीला लागलातसुद्धा. मला रडू आलं, हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही.

अजयला त्याच रात्री कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'आता मी नीट झोपेन.' एवढंच.

तुम्ही एवढी पळापळ करू नका. भांडी इथे आहेत, तांदूळ इथे मिळतो. कोंबड्यांना मात्र सोसायटी परवानगी देणार नाही, त्या फ्लाव्हियाकाकूंना देऊन टाका. पूर्वेकडची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतली. रियाने तिचा पसारा कुरकुर न करता हलवला, यावरून काय ते समजा.

घर बंद राहिलं की वाळवी लागते म्हणून मी आणखी एक काम करून टाकलं. कणकवलीचे एक गृहस्थ अशी घरं वर्षाच्या कराराने घेऊन पर्यटकांना देतात. त्यांना तुमच्या घराचे फोटो पाठवले आणि त्यांना ते आवडलं. रविवारी निघताना किल्ली त्यांच्या हातात द्यायची. घर वापरातही राहील.

खोपीचं ऐकून ग्रुप वेडा झालाय. शर्मिलाने बांबूच्या कॉटेजचे फोटो टाकलेत, खाली काच आणि काचेखाली मासे. तेवढं नको, पण पंखा असेल ना?

तुमची
विनीता


खारवणे
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विनीतास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग फ्लाव्हियाला वाचायला दिलं. ती आधी हसली आणि मग म्हणाली, "बाई, तुमी तिका नीट लिवूक नाय."

खरं आहे. मी चेष्टेत लिहिलं आणि तू ते खरं धरलंस. अगं, मी घर सोडते म्हणाले ते तीन रात्रींसाठी. पळण म्हणजे पळापळ नव्हे, पळण म्हणजे गावपळण. आमच्या गावात काही वर्षांनी देवाला कौल लावतात. देवाने हो म्हटलं की ठरल्या दिवशी अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. खाडीपलीकडच्या माळावर खोप्या बांधून तीन दिवस राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देवाने परवानगी दिली की परत येऊन गाव भरायचा. हिंदू-ख्रिश्चन सगळे जातात. नाताळच्याच दिवशी पळण आलं म्हणून फ्लाव्हियाच्या नवऱ्याला, लिनोला, विचारायला मानकरी त्यांच्या घरी आले होते. तो म्हणाला, "आमचो देव जल्माक इलो तोच गोठ्यात. खोपयेत ऱ्हवाक आमका कसली लाज?" चर्चमधली रात्रीची मिसा झाली की पहाटे फ्लाव्हियाच्या फराळाच्या नेवऱ्यांचे डबे घेऊन तेही निघणार आहेत.

तुला हे ठाऊक असेल असं मी धरून चालले. चुकलं. मागच्या पळणाला तुम्ही दुबईला होतात, त्याच्या आधीच्या वेळी रिया पोटात होती. आणि अजयच्या तोंडून घरातली गोष्ट बाहेर पडायला बोटच बुडायला हवी.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही. मी पुण्याला कायमची येणार नाही. खोली रंगवलीस, रियाने जागा दिली, हे वाचून मला भरून आलं आणि तुम्हाला नाही म्हणताना वाईट वाटतंय. पण कणकवलीच्या माणसाचं वाचून मला राग आला, तोही लपवत नाही. मी जिवंत असताना माझ्या स्वयंपाकघराचे फोटो मला न विचारता दुसऱ्याला दाखवलेस. वाळवी लागायला घर बंद कुठे होतंय? मी आहे त्यात.

अजयला तूच समजावून सांग. आणि या. रागावून घरी बसू नका.

तुझी
आई


पुणे
६ डिसेंबर २०२५

ती. आईंना नमस्कार.

फोटोंबद्दल माफ करा. तुम्हाला विचारायला हवं होतं. त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं.

शर्मिला आणि बाकीच्यांनी महाबळेश्वर ठरवलं. पंखा नाही आणि गावात कुणी नाही म्हटल्यावर उत्साह गळाला. त्यांचा दोष नाही.

अजयला मी अजून काही सांगितलेलं नाही. नीट झोपेन म्हणालेल्या माणसाला कसं सांगायचं ते मला कळत नाही. नकार तुमचा आहे, तुम्हीच लिहा.

तुम्ही सरळ लिहिलंत तर मीही लिहिते. जूनमध्ये तुम्ही पडलात हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही फ्लाव्हियाकाकूंनी तुमच्या नकळत मला मेसेज केला म्हणून. त्या तीन दिवसांत मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, रियाच्या वाढदिवसाचं. तुम्ही पाय सुजवून पडला होतात आणि मी तुम्हाला रियाच्या फ्रॉकचा रंग कळवत होते. हे माझ्या डोक्यातून जात नाही. माझी आई गेली तेव्हाही मला उशिरा कळलं होतं. तुम्हाला घर प्रिय आहे, मान्य. पण फोन वाजला की आधी तुमचंच काही वाईट कळणार असं मला वाटतं, ते तुम्हाला कळत नाही.

आम्ही यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

विनीता


खारवणे
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. विनीता,

अजयला लिहिलं. फ्लाव्हियाच्या फोनवरून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, 'विनीता काय म्हणते?' चाळिशीला आला तरी आधी बायको काय म्हणते ते विचारतो, म्हणजे संसार बरा चाललाय.

पडले ते तुला कळवू नको असं मीच फ्लाव्हियाला बजावलं होतं. तू आलीस की मला घेऊन जाशील ही भीती होती. तू फोनला घाबरतेस, मी तुझ्या गाडीला. आता तूच सांग, दोघींनी काय करायचं?

लवूने खोपी बांधली. मी त्याला दोघींची जागा जास्त ठेवायला सांगितली आहे. तुम्ही नाही आलात तर कोंबड्या ऐसपैस झोपतील. रियाला मात्र विचारून बघ.

आई


पुणे
३ जानेवारी २०२६

ती. आई,

काल रात्री पोचलो. रियाच्या केसांत अजून गवत निघतंय. ती शाळेत सांगणार आहे की आमचा गाव सहलीला गेला होता. निबंध लिहिलाय, तुम्हाला पाठवते, चुका काढा.

हे पत्र आभाराचं नाही. तुमच्यासमोर बोलता आलं नाही ते लिहायचं आहे, आणि काही तुम्हाला ऐकू आलं नाही तेही.

पहिले तीन दिवस मी तुमच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात हरत होते. पुण्यात आलात की तुम्ही सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारख्या बसता. तिथे माळावर कुणी तुमच्यासमोर येऊन, तोंड नीट दिसेल असं बसून बोलत होतं, कुणी हाताने खुणा करत होतं. लिनोकाका तर तुमच्याशी बोलायचं असलं की आधी टोपी हलवतात. मला वाटलं होतं तुम्हाला कुणी हाक मारत नसेल. तिथे सगळ्यांनी तुम्हाला हाक मारायची आपापली रीत शोधून ठेवली आहे. मी चौदा वर्षांत फक्त मोठ्याने बोलायला शिकले.

रविवारी सकाळी माझी बॅग भरलेली होती. मी ठरवलं होतं, कौल झाला, तुम्ही घरात शिरलात, की निघायचं. संध्याकाळपर्यंत कोल्हापूर, सोमवारी ऑफिस. मानकरी परत आले आणि लांबूनच म्हणाले, "देवान कौल देवक नाय." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, अजून दोन दिवस मासे. फ्लाव्हियाकाकूंनी लगेच पुन्हा चूल पेटवली. कुणाला काही वाटलं नाही, मंगळवारी परत विचारणारच होते.

तुम्हाला ते ऐकू आलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतात. मग मला धरून तुम्ही विचारलंत, "काय म्हणतत ते? घराक जावक गावतला मां?"

चौदा वर्षांत तुम्ही माझ्याशी मालवणीत बोलला नव्हतात. मी सूनबाई, पुण्याची, माझ्याशी नेहमी पुस्तकातलं मराठी. त्या वेळी ते सुटलं आणि घरी जायला मिळेल ना, एवढंच उरलं. मी मान हलवून नाही म्हटलं तर तुमचा हात माझ्या दंडावर इतका घट्ट झाला की अजून तिथे हिरवट डाग आहे. आणि दोन दिवसांचाच प्रश्न होता. खाडीपलीकडे तुमचं छप्पर दिसत होतं. तीन दिवस गाणी म्हणणारी बाई जेवली नाही, गावाकडे तोंड करून बसून राहिली. रिया घाबरली. मी तिला सांगितलं, आजीला घरी जायचंय.

ते बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. मी तुम्हाला किती दिवसांसाठी घर सोडायला सांगत होते?

गाडीची किल्ली हातात होती. ऑफिसला मेसेज केला, 'देवाने परवानगी दिली नाही, बुधवारनंतर येते.' साहेबांना वाटलं मी आजारी आहे. मंगळवारी कौल झाला, गाव उठला, आणि तुम्ही दार उघडून सरळ चुलीपाशी गेलात. आम्ही मागे आहोत हे विसरलात. बरं केलंत.

पूर्वेकडच्या खोलीत रियाचं टेबल परत ठेवलं. आता मी तुम्हाला पुण्याला या म्हणणार नाही. भीती माझी आहे, ती मी सांभाळीन. फक्त एक कबूल करा, पडलात तर त्याच दिवशी कळवायचं. अजयला मी सगळं लिहिलंय.

तुमची
विनीता


खारवणे
१२ जानेवारी २०२६

चि. विनीतास अनेक आशीर्वाद.

दंडाला खोबरेल तेल लाव. मला माहीत नव्हतं एवढं धरलं होतं.

रियाचा निबंध मिळाला. 'सहल' बरोबर आहे, 'मानकरी' चुकलंय. लाल शाई संपली म्हणून निळ्याने दुरुस्त केलाय.

तू म्हणतेस ते खरं. रविवारी मी घाबरले. याआधीही कौल एकदा लांबला होता, पण तेव्हा ह्यांचा आवाज कानावर होता आणि आत्ता माझ्या कानावर काहीच नव्हतं. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि कुणी रडत होतं की हसत होतं तेही मला धड कळत नव्हतं. मला वाटलं, आता कायमचंच बाहेर राहायचं. वेड्यासारखं वाटलं, पण वाटलं. तू निघून गेली असतीस तर मी तुला अडवलं नसतं. तू बॅग खोपीत परत ठेवलीस ते मी बघितलं.

पडले तर त्याच दिवशी कळवीन. फ्लाव्हियाला तुझा नंबर भिंतीवर लिहून ठेवायला सांगितला. शिट्ट्या मारणारं यंत्रही दुरुस्तीला कुडाळला पाठवलंय.

आता माझं ऐक. रियाचं टेबल पावसाळा येईपर्यंतच त्या खोलीत राहू दे. पावसात अंगण खरंच निसरडं होतं आणि मला काही पुन्हा पडायची हौस नाही. मी तुझ्याकडे यायला तयार आहे, पावसाळ्यापुरती. मात्र कालनिर्णय मीही आणलंय. यंदा गणेशचतुर्थी सोमवारी येते. शनिवार, रविवार, सोमवार, म्हणजे तुझा तो लॉन्ग वीकेंड झाला. तुझ्या ग्रुपने दुसरीकडे काही ठरवण्याआधी त्या शनिवारी मला घरी आणून सोडायचं पक्कं कर आणि गाडीत माझी जागा धरून ठेव.

ती परतायची तारीख मला पत्राने कळव. मग इथून निघायची तू ठरव, कुठलीही चालेल.

तुझी
आई